तळटीप सतरा

लेख आला तेव्हा त्याला नाव नव्हतं.
वरचं पान काढलेलं, आभार काढलेले,
'माझ्या आधीच्या लेखात' पुसून
'एका संशोधकाच्या आधीच्या लेखात' केलेलं.
माणूस स्वतःच्याच घराची बेल वाजवून
इथं कोण राहतं, विचारतो तसं.

मलाही नाव नव्हतं. मी परीक्षक क्रमांक दोन.
मुदत एकवीस दिवस. देवस्थळीबाईंच्या पत्रात शेवटी
'आपलं मत अमूल्य आहे',
म्हणजे फुकट.

नेरूळ, सेक्टर अठरा, चौथा मजला.
जेवणाच्या टेबलावरचे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सरकवून
वाचायला बसले: खाडीकाठच्या आगरी लग्नांतले धवळे,
अठ्ठावीस पानं.
मुलगा हुशार आहे. (मुलगाच. 'निर्विवादपणे' सात वेळा.)
एक परिच्छेद तर असा, की मला हेवा वाटला.
पान नऊवर मात्र म्हणतो,
'उधाण हे नवरीच्या मनातील भावकल्लोळाचे प्रतीक.'

समासात पेन्सिलीनं लिहिलं:
उधाण म्हणजे उधाण, बाबा. पुनवेचं पाणी.
बांध फोडून आत शिरतं,
मग दोन-तीन वर्षं भात धरत नाही.
पोरगी घाबरते कारण सासरची शेती खाजणात आहे.
मग ते खोडलं. सभ्य केलं:
'लेखकाने भौगोलिक संदर्भाचा पुनर्विचार करावा.'

मग तळटीप सतरा.
'माहितीदार: वृद्ध स्त्री, करावे गाव. नाव उपलब्ध नाही.'

वरच्या चार ओळी मी ओळखल्या.
तिसरीत एक शब्द उलटा पडलाय.
तो तसा एकच बाई म्हणायची.
पुढचे दात गेल्यावर तो तसा झाला, आणि तसाच राहिला.
पदीबाई तांडेल. माझ्या बापाची बहीण.
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर टॉवर उठला,
हळदी पार्किंगमध्ये व्हायला लागल्या,
तरी गायला तीच.
माइक पुढे केला की मनगटानं बाजूला सारायची,
माशी हाकलावी तसा.

फॉर्मवर प्रश्न: आपला या लेखाशी हितसंबंध आहे काय?
आत्या हितसंबंधात मोडते का,
हे सूचनांत कुठे दिलेलं नव्हतं.
दोन दिवस चौकट रिकामी ठेवली.
मग 'नाही'वर खूण केली.
हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.

शिफारस: मोठी दुरुस्ती.
क्रमांक एकनं लिहिलं होतं, 'उत्तम. छापावा.'
मी तीन पानं भरली. मुद्दा अकरा:
लेखक अनाम, परीक्षक अनाम, हा नियम आहे.
गाणारी अनाम, हा नियम नाही.
गावात परत जाऊन विचारावं.

नाव बोटांत आलं होतं.
लिहिलं असतं तर मी कोण
ते एका फोनमध्ये कळलं असतं.

चार महिन्यांनी करावेहून आतेभावाचा फोन.
'येक पोऱ्या आलता. आयचा नाव इचारीत व्हता.
चाय पाजली. फोटू दिला नाय.
कोनी धारला त्याला, म्हाईत नाय.'
मी म्हटलं, असेल कोणी.

अंक आला.
पान नऊवर उधाण पाणी झालं होतं, चांगलं खारट.
शेवटी 'दोन अनाम परीक्षकांचे आभार.'
आणि सतरा: 'गायिका: कै. पद्माबाई तांडेल, करावे.'

पद्मा.
कोणी शुद्ध करून घेतली तिला?
त्या पोऱ्यानं, की मुद्रितशोधकानं,
की वाटलं असेल, एवढं गाणाऱ्या बाईचं
असं अर्धवट नाव कसं असेल?

दुरुस्तीची मुदत संपलेली.
माझ्या प्रतीत 'द्मा' खोडून 'दी' केलं.
मग कॉलेजच्या प्रतीत, ग्रंथपाल चहाला गेल्यावर.
मग वाशीच्या.
ठाण्याच्या वाचनालयात हा अंक येतो का,
चौकशी करायची आहे.